बासी खाय के बेरा

रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या दवाखान्यात मी 1996 साली रुजू झाले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझी एक चूक झाली. रोलिंग मिलमधला एक माणूस पायाच्या जखमेसाठी आला होता. डॉक्टरांनी अ‍ॅम्पिसिलिन लिहून दिलं. मी कागदी पुडीवर नेहमीप्रमाणे 'सुबह, दोपहर, रात' लिहिलं. तीन दिवसांनी तो परत आला तेव्हा निम्म्या गोळ्या पुडीतच होत्या. त्याची पाळी रात्री दहा ते सकाळी सहाची. त्याची सकाळ म्हणजे झोपायची वेळ, दुपार म्हणजे मध्यरात्र. घरात गोळ्या कधी घेत होतास, असं विचारल्यावर तो म्हणाला, "बासी खाय के बेरा, दीदी." त्याच्या दिवसात तेवढी एकच वेळ पक्की होती.

छत्तीसगढच्या गावांत घड्याळ नव्हतं तेव्हा दिवसाच्या वेळांना अशीच नावं होती. बासी खाय के बेरा म्हणजे सकाळी उन्हं वर चढल्यावर, नऊ-दहाच्या सुमाराला, नांगर थांबवून बांधावर बसायची वेळ. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं, सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची, असलाच तर आंब्याचा अथान, म्हणजे लोणचं, किंवा चेंच, अमारीची भाजी. अमारी म्हणजे आपली अंबाडी. त्याच दिवशीच्या भातात पाणी घालून थोड्या वेळाने खाल्लं तर ते बोरे, रात्रभर मुरलं तर बासी, आणि भाताची पेज काढली तर ती पसिया. काशाच्या बटकीत, म्हणजे वाडग्यात, बासी वाढतात आणि शेवटी ते आंबटसर पाणी बटकी तोंडाला लावून पितात. ते पाणी फेकणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आम्ही रायपूरचे मराठी. तात्यापाऱ्यात माझं माहेर. नागपूरकर भोसल्यांचं राज्य इकडे आलं, बिंबाजी भोसले 1758 ते 1787 रतनपूरला राहिले, पुढे 1854 मध्ये सगळं इंग्रजांकडे गेलं आणि रायपूर मध्य प्रांताचा भाग होऊन 1956 पर्यंत नागपूरला जोडलेलं राहिलं. या दोनशे वर्षांत कारकून, वकील, मास्तर, रेल्वेतले बाबू अशा रूपात मराठी घरं इथे येत राहिली. आमच्या बोलण्यात छत्तीसगढी शब्द आले, ताटात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगा आल्या, पण बासी मात्र उंबऱ्याच्या बाहेर राहिली. आमच्या भाषेत ती 'शिळा भात' होती, आणि शिळ्याला आपल्याकडे मान नाही. फोडणी देऊन त्याचं रूप बदललं तरच तो पानात यायचा. आमच्या घरची आंबट गोष्ट म्हणजे ताक. आजारातून उठलेल्या माणसाला मऊ भात आणि ताक, हा आमच्या आजीचा नियम होता. त्याला मोठा आधारही आहे: चरकसंहितेत ग्रहणी आणि मूळव्याध या दोन्ही विकारांत ताकाचं माहात्म्य सांगितलं आहे.

सिलतरा तेव्हा बदलत होतं. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याने निघालं की दोन्ही हातांना धानाची खाचरं आणि गावागावाचे तरिया, म्हणजे तळी, असायची. नव्वदच्या दशकात तिथे स्पंज आयर्नच्या भट्ट्या, इंडक्शन फर्नेस आणि सळया ओढणाऱ्या मिली उभ्या राहिल्या. कारखाना कायद्याप्रमाणे पाचशेहून जास्त कामगार असले की दवाखान्याची खोली ठेवावी लागे, म्हणून आमची खोली होती: दोन खाटा, एक कपाट, एक डॉक्टर, एक मी, आणि झाडलोटीला मांढरकडची एक बाई. तिला सगळे दाई म्हणायचे, मीही दाईच म्हणायचे. अडीचशेच्या वर कामगार असले की कँटीनही लागे, तेही होतं. पण पहिली काही वर्षं कँटीनमध्ये गर्दी दिसायची नाही. आसपासच्या गावांतले लोक सायकलच्या हँडलला स्टीलचा डबा अडकवून यायचे, आणि त्यात बासी असायची. सोळाशे अंशांच्या आसपास वितळलेल्या लोखंडासमोर आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाला पाणी आणि मीठ दोन्ही लागतं. त्यासाठी आमच्या कपाटात क्षार-साखरेच्या पुड्या असायच्या. त्यांच्या डब्यात तेच आधीपासून होतं, आणि सोबत पोटभर भातही.

भोंग्याने बासीची वेळ मोडली. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. पहिल्या पाळीचा माणूस पहाटे पाचला घरातून निघे, तेव्हा बासी पुरती मुरलेलीही नसे. दुसऱ्या पाळीत ती दुपारी उन्हात तापे. मग बायका उन्हाळ्यात एका भातात दोनदा पाणी बदलू लागल्या. दाईचं म्हणणं असं की बासीच्या पाण्याला वास आला, तार सुटली किंवा रंग बदलला तर ती गाईला घालायची, माणसाने खायची नाही. हे तिचं बरोबरच होतं. शिजलेला भात कोमट राहिला तर त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू वाढू शकतो. त्याचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत आणि त्याच्या विषाने उलट्या होतात. बासीला सांभाळून नेतं ते तिचं आंबटपण: दुधाम्ल करणारे जंतू, म्हणजे लॅक्टोबॅसिलस आणि त्यांचे भाऊबंद, आधी वाढले की बाकीच्यांना ती जागा राहण्यालायक उरत नाही. पण त्यासाठी स्वच्छ पाणी हवं, भात आधी निवलेला हवा, भांडं घासलेलं हवं. आणि सिलतऱ्यात छपरांवर काळी धूळ बसायला लागल्यावर तरियाचं पाणी बासीला घालायचं नाही, हेही बायकांनीच ठरवलं. त्या दूरच्या हातपंपावरून पाणी आणत.

आता त्या कपाटातल्या औषधांविषयी.

माझे एक मामा पिंपरीला राहायचे. लहानपणी त्यांच्याकडे गेले की ते आम्हाला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना बाहेरून दाखवत. 1954 साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो उभा राहिला आणि पुढल्या वर्षी तिथे पेनिसिलीन बनू लागलं. देशातला सरकारी क्षेत्रातला हा पहिला औषध कारखाना. मामांच्या पिढीने न्यूमोनियाने, विषमज्वराने, बाळंतरोगाने गेलेली माणसं घरात पाहिली होती. त्यांच्या आवाजात त्या कारखान्याविषयी जो आदर असे तो मला आजही योग्य वाटतो. प्रतिजैविकांच्या विरुद्ध मला एक अक्षर लिहायचं नाही. माझ्या हातांनी दिलेल्या गोळ्यांनी सडू लागलेले पाय वाचले आहेत.

मात्र या गोळ्या आल्या तसा त्यांच्या मागोमाग एक रिवाजही आला, आणि त्याचा इतिहास कुणी सहसा सांगत नाही. प्रतिजैविक दिलं की सोबत बी-कॉम्प्लेक्स, आणि पोट बिघडू नये म्हणून 'लॅक्टो'ची कॅप्सूल. पुढे तर अ‍ॅम्पिसिलिन, क्लॉक्सासिलिन आणि हे जंतू एकाच कॅप्सूलमध्ये भरून येऊ लागले: मारणारा आणि मरणारा एका डबीत. ते जंतू मरत नाहीत, कारण ते बीजाणूच्या रूपात असतात. त्यांची कहाणी मला फार आवडते. 1915 साली अमेरिकेत आयोवामध्ये आटवलेल्या दुधाचे डबे नासले. हॅमर नावाच्या दुग्धशास्त्रज्ञाने त्यांतून दूध गोठवणारा एक जंतू वेगळा केला, तो बॅसिलस कोअ‍ॅग्युलन्स. पुढे रशियात याच जातीच्या जंतूला लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेनिस म्हटलं गेलं, आणि आपल्याकडे पाकिटांवर ते जुनं, चुकीचं नाव वर्षानुवर्षं छापलं जात राहिलं. मीही हजारो वेळा ते वाचलं आणि त्याला दह्यातला जंतू समजत राहिले. तो दह्यातला नाही.

दह्याचा मान जगाला पटवून दिला तो एली मेचनिकॉफ यांनी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये बसून, बल्गेरियातल्या आंबट दुधाकडे बोट दाखवत, 1907 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की आतड्यातले वाईट जंतू माणसाला लवकर म्हातारा करतात आणि दुधाम्लाचे जंतू त्यांना आवर घालतात. त्यांचे शिष्य वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले होते. त्यांनी प्लेगची लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला आजही त्यांचंच नाव आहे. गुरूने पॅरिसमध्ये आंबट दुधाचे गुण सांगितले, आणि त्याच्या आधीच शिष्याने मुंबईत प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगवले होते. हे दोघे जंतूंना फक्त शत्रू मानत नव्हते, त्यांच्याशी घरोबा केल्यासारखे वागत होते.

दुसरी एक गोष्ट इंडोचीनमधली. 1920 च्या दशकात तिथे कॉलऱ्याची साथ असताना आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की काही लोक लिची आणि मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात आणि त्यांना जुलाब कमी होतात. त्या सालींवरून त्यांनी एक यीस्ट वेगळं काढलं. आज ते सॅकरोमायसिस बुलार्डी या नावाने औषधाच्या दुकानात मिळतं. यीस्ट हे बुरशीच्या कुळातलं असल्यामुळे जंतुनाशक गोळीचा त्याच्यावर परिणाम होत नाही. काढा पिणाऱ्यांचं नाव कुठे नाही, शास्त्रज्ञाचं मात्र बाटलीवर आहे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा दाईची बटकी आठवली.

1999 च्या पावसाळ्यात माझ्या मुलाला विषमज्वर झाला. त्याआधीच्या वर्षांत क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणारा टायफॉइड देशभर पसरला होता, म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं. ताप उतरला. पण पोट महिनाभर जागेवर आलं नाही. मी आजीच्या नियमाने वागले: प्रत्येक गोळीबरोबर वाटीभर ताक. मी औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेला लावून फिरणारी बाई, आणि तरी माझ्या लक्षात आलं नाही की दुधातलं कॅल्शियम सिप्रोला बांधून ठेवतं आणि गोळीचा काही भाग रक्तात पोहोचतच नाही. गोळी आणि दूध-दही यांच्यात किमान दोन तासांचं अंतर हवं, टेट्रासायक्लिनलाही तसंच. डॉक्टरांनी ते लक्षात आणून दिल्यावर मी घरी जाऊन ताकाचा गडू उचलून ठेवला आणि रडले.

घरात दूध येणंच काही आठवडे थांबवलं, आणि त्यात आमचं विरजण मेलं. माहेरहून लग्नात आणलेलं विरजण होतं ते. आईने ते तिच्या सासूकडून घेतलं होतं. मुलगा बरा झाल्यावर पुन्हा दही लावायचं तर विरजण कुठून आणायचं? शेजारच्या काकूंकडे वाटी घेऊन गेले. त्या म्हणाल्या, "अगं, हे तुझ्याकडूनच नेलेलं आहे. गेल्या दिवाळीत, आठवत नाही?"

दाईने दवाखान्यात मला फार प्रश्न विचारले नाहीत. एवढंच म्हणाली, "लइका ला पसिया पियाव, दीदी."

"अउ बासी कब?"

"भूख लागही तब."

पसिया म्हणजे भाताची पेज, मीठ घालून. त्यात कॅल्शियमचा अडथळा नाही, पोटावर भार नाही, आणि जुलाबात गेलेलं पाणी भरून निघतं. तांदळाच्या पिठाचं क्षारपाणी जुलाबावर चालतं हे डॉक्टरांच्या जगानेही मान्य केलेलं आहे. दोन-तीन आठवड्यांनी मुलाने स्वतःच आंबट काहीतरी मागितलं, आणि आमच्या घरात पहिल्यांदा बासी झाली. त्याचं पोट बासीने बरं झालं असं मी म्हणणार नाही, ते तेव्हा तसंही बरं होतच आलं असेल. पण मी त्या दिवशी बटकीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

त्यानंतर जे काही वाचायला मिळालं ते मी वाचत गेले. 2008 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डेथलेफ्सन आणि रेलमन यांनी तीन निरोगी माणसांना पाच दिवस सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं आणि त्यांच्या आतड्यातल्या जंतूंची गणती ठेवली. चार आठवड्यांत बहुतेक घडी बसली. काही जाती मात्र सहा महिन्यांनीही परतल्या नाहीत. 2018 मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी बारा निरोगी पुरुषांना चार दिवस तीन जबर प्रतिजैविकं एकत्र दिली. दीड महिन्यात बरंच काही परतलं, पण आधी सगळ्यांकडे असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतर बहुतेकांकडे सापडल्या नाहीत. त्याच वर्षी इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटचं काम आलं, आणि ते वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. त्यांनी सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल ही जोडी दिली होती. आपल्याकडे पोटदुखीला पुडीत बांधून दिली जाते तीच. मग काहींना अकरा जातींच्या चांगल्या जंतूंची कॅप्सूल दिली, काहींना काहीच दिलं नाही, काहींना गोळ्यांआधी साठवलेली त्यांचीच विष्ठा परत दिली. स्वतःचे जंतू परत मिळाले त्यांचं आतडं काही दिवसांत पूर्ववत झालं. काहीच न दिलेल्यांचं सुमारे तीन आठवड्यांत. आणि कॅप्सूल घेणाऱ्यांचं सगळ्यांत उशिरा, कित्येक महिन्यांनी. बाहेरचे पाहुणे घरात ठाण मांडून बसले आणि घरच्यांना परत यायला जागा मिळेना.

याचा अर्थ कॅप्सूल निरुपयोगी असा नाही. मुलांना प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब अशा जंतूंनी कमी होतात, याचे पुरावे चांगले आहेत. आपल्या शेजारच्या ओडिशात तर पिनाकी पाणिग्रही यांच्या चमूने 4,556 नवजात बाळांवर काम केलं. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम आणि त्या जंतूचं खाद्य असलेली एक साखर सात दिवस दिली, तर रक्तातला जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून 40 टक्क्यांनी घटले. ते 2017 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं. तिथे जंतूबरोबर त्याचं खाणंही दिलं होतं, ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

कारण बासीत तेच आहे. शिजलेला भात गार झाला की त्याच्या पिठाचा काही भाग घट्ट होऊन बसतो आणि लहान आतड्यात पचत नाही. तो खाली मोठ्या आतड्यात उतरतो, तिथले जंतू तो खातात आणि ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्याच्यावरच जगतात. कांदा, चेंच, अमारी, लाखडीची भाजी यांतला चोथाही त्याच जंतूंच्या कामी येतो. म्हणजे बटकीतले जंतू कदाचित पोटात राहणारही नाहीत, पण जे घरचे जंतू गोळ्यांतून वाचून कोपऱ्यात दडून बसलेत त्यांना जेवण पोहोचतं. सिलतऱ्यात लोखंडाचं फार चालतं, म्हणून हेही सांगते की बासीत लोह वीसपट होतं अशा ज्या गोष्टी मोबाईलवर फिरतात त्या मी कधी पुढे पाठवत नाही. पाण्यात ठेवल्याने तांदळात नवं लोह तयार होत नाही, फायटेटने बांधलेलं थोडं मोकळं होतं, एवढंच. बासीला खोट्या मोठेपणाची गरज नाही.

2005 नंतर डबे बदलले. बाहेरच्या राज्यांतून ठेकेदारांची माणसं आली, हिंदीत बासी म्हणजे फक्त शिळं, ते हसायचे. गावातली तरुण पोरं झाकण अर्धवट उघडून, भिंतीकडे तोंड करून जेवू लागली, मग डब्यात पराठा आला, मग डबाच आला नाही. कँटीन भरलं. मला ते पाहून फार वाईट वाटायचं, आणि त्यात माझ्याच घरच्या 'शिळ्या'चाही वाटा होता हे मला टोचायचं. गुरमटिया आणि सफरी या जुन्या धानांची खाचरंही कमी झाली. जाड भाताची बासी चांगली, बारीक तांदळाची लापशी होते, असं दाई म्हणायची. रायपूरच्या कृषी विद्यापीठात या जुन्या धानांचं हजारो वाणांचं भांडार आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात गावोगाव फिरून त्याचा पाया घातला. ते वाण जपले गेले, पण डब्यातून मात्र गेले.

2022 च्या 1 मे रोजी, कामगारदिनी, छत्तीसगढचे तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं. मंत्री, कलेक्टर बटकी घेऊन बसलेले फोटो छापून आले. मी तोवर निवृत्त झाले होते. दाईकडे गेले. ती म्हणाली, तिचा नातू त्या दिवशी डबा उघडा टाकून जेवला. मला त्या फोटोंपेक्षा हे मोठं वाटलं.

नोकरीच्या शेवटच्या महिन्यात भट्टीवरचा एक मुलगा हाताच्या भाजलेल्या जखमेसाठी आला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या लिहिल्या. त्याची रात्रपाळी होती. घरी कधी जेवतोस, डब्यात काय असतं, सोबत मही, म्हणजे ताक, घेतोस का, हे सगळं विचारून मी पुडीवर लिहिलं: बासी के बाद एक. मही दो घंटा बाद. सातों दिन. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि पुडी शर्टाच्या खिशात ठेवून बटण लावलं.